नवजात अर्भकाचा श्वास आणि ‘दुर्मिळ’ या शब्दाचे अर्थशास्त्र

सार्वजनिक खर्चाच्या चर्चेत काही शब्द असे असतात की ते उच्चारताच पुढचा विचार थांबतो. ‘दुर्मिळ’ हा त्यांपैकी एक. एखादा आजार दुर्मिळ आहे असे म्हटले की अर्थखात्याचा सचिव, आरोग्यखात्याचा संचालक आणि पुष्कळदा आपल्या चळवळीतला कार्यकर्ताही तो विषय मनातल्या मनात बाजूला सारतो. ज्या देशात अर्भके कमी वजनाने, न्यूमोनियाने आणि जंतुसंसर्गाने दगावतात, तेथे लाखात एखाद्याला होणाऱ्या विकाराची चिंता कशाला, असा हा युक्तिवाद आहे. वरवर पाहता तो समतावादीही वाटतो, आणि म्हणूनच आपण तो अधिक काळजीने तपासला पाहिजे. त्यासाठी नवजात अर्भकांच्या घशात क्वचित आढळणाऱ्या पाण्याच्या गाठीचे उदाहरण मी घेतो. मी वैद्य नाही, अर्थशास्त्राचा शिक्षक आहे. तेव्हा वैद्यकाचा भाग आवश्यक तेवढाच सांगून मी माझ्या विषयाकडे वळेन.

जिभेचे मूळ आणि स्वरयंत्रावरील झाकण यांच्यामध्ये एक लहानसा खळगा असतो. वैद्यकात त्याला व्हॅलेक्युला म्हणतात. तेथील एखाद्या श्लेष्मल ग्रंथीचे तोंड बंद झाले तर स्राव आत साठत जातो आणि पातळ आवरणाची, द्रवाने भरलेली गाठ तयार होते. स्वरयंत्राच्या लगतही अशा गाठी होतात. ही गाठ कर्करोगाची नव्हे. प्रौढ माणसाच्या घशात ती असली तर पुष्कळदा त्याला तिचा पत्ताही लागत नाही. नवजात अर्भकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्या श्वसनमार्गाचा सर्वांत अरुंद भाग सुमारे चार मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याला आतून सर्व बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर व्यास निम्मा होतो, वाट पाव हिश्श्यावर येते आणि हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो. ज्या देहात निसर्गाने इतकी कमी मोकळीक ठेवली आहे, तेथे करंगळीच्या पेराएवढी गाठ जीवनमरणाचा प्रश्न होते. बाळ उताणे निजले की गाठ झाकणाला मागे ढकलते आणि श्वासाची वाट झाकली जाते.

लक्षणे साधी असतात आणि त्यांतच धोका आहे. श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घोरल्यासारखा आवाज येतो, छातीच्या फासळ्यांखालचा भाग आत ओढला जातो, दूध ओढताना बाळ दमते, ठसकते, अंगावर पिणे सोडून देते, वजन वाढत नाही. रडण्याचा आवाज कधी दबका वाटतो. काही बाळांत हे जन्मतःच दिसते, काहींत गाठ वाढेल तसे पहिल्या काही आठवड्यांत. ही सगळी लक्षणे इतर अनेक आजारांतही आढळतात. अर्भकाच्या अशा आवाजाचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे स्वरयंत्रावरील कूर्चा मऊ असणे. तो दोष बहुसंख्य बाळांत दीड-दोन वर्षांत आपोआप जातो. त्यामुळे ‘काही नाही, मोठे झाले की जाईल’ हे उत्तर डॉक्टरांच्या ओठांवर असते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. पण मऊ कूर्चा आणि गाठ ही दोन्ही एकाच बाळात असू शकतात, आणि बाहेरून कान लावून त्यांतला भेद कळत नाही. त्यासाठी आत पाहावे लागते.

आत पाहण्याची विद्या नवी नाही. आरशाच्या साह्याने जिवंत माणसाचे स्वरयंत्र पाहण्याची युक्ती मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ साली साधली. आज पेन्सिलीहून बारीक, लवचिक दुर्बीण नाकावाटे घालून काही मिनिटांत बाळाचा घसा पाहता येतो. गाठ दिसली तर तोंडावाटे तिचे छत कापून काढतात किंवा ती संपूर्ण काढून टाकतात. बाहेरून कापण्याची गरज सहसा नसते. सुईने पाणी काढल्यास तात्पुरता आराम पडतो, परंतु गाठ पुन्हा भरते. शस्त्रक्रिया नीट झाली तर बाळ मोकळा श्वास घेऊ लागते आणि पुढे इतर मुलांसारखे वाढते. अवघड भाग भूल देण्याचा आहे. गाठीमुळे श्वासनलिकेचे तोंड दिसत नाही. नळी घालता आली नाही तर काही क्षणांत अनर्थ होतो. म्हणून अर्भकांचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ आणि गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करून देण्याची तयारी असलेला शल्यविशारद, दोघेही हजर असावे लागतात.

म्हणजे हा आजार कळण्यासारखा आहे, बरा होण्यासारखा आहे आणि उपचार बहुधा एकदाच करावा लागतो. न कळल्यास तो जीव घेऊ शकतो. अशा आजाराच्या बाबतीत ‘दुर्मिळ’ हा शब्द कोणते काम करतो, हे आता पाहू.

स्वरयंत्राच्या परिसरातील जन्मजात गाठींचे प्रमाण वैद्यकीय साहित्यात दर लाख जिवंत जन्मांमागे दोनाहून थोडे कमी असे सांगितले जाते. हा अंदाज परदेशी नोंदींवरचा आहे, आणि न पाहिलेल्या गाठी कोणत्याच नोंदीत येत नाहीत, हे लक्षात ठेवून आपण ढोबळ गणित करू. भारतात वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास बाळे जन्मतात. या प्रमाणाने देशात चारशेच्या वर आणि महाराष्ट्रात तीस-पस्तीस बाळांना ही गाठ असावी. जिल्ह्यामागे सरासरीने वर्षाला एकच बाळ. एका बाळासाठी जिल्ह्याने दुर्बीण घ्यायची, कान-नाक-घसा तज्ज्ञ नेमायचा, भूलतज्ज्ञ ठेवायचा? हिशेबनीस मान हलवील आणि वही मिटील.

वही मिटताना तो एक प्राथमिक चूक करतो, आणि ती पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्याच्याही ध्यानात यावी. एका साधनाचा उपयोग अनेक कामांना होत असेल तर त्या साधनाचा संपूर्ण खर्च त्यांतल्या एकाच कामावर टाकता येत नाही. अर्थशास्त्रात याला संयुक्त खर्च म्हणतात. जी दुर्बीण या गाठीसाठी लागते तीच मऊ कूर्चेच्या निदानाला लागते, स्वररज्जूंच्या पक्षाघाताला लागते, स्वरयंत्रातील जन्मजात पडद्याला लागते, नाकाची मागची वाट बंद घेऊन जन्मलेल्या बाळालाही लागते. तोच तज्ज्ञ शेंगदाणा किंवा चिंचोका श्वासनलिकेत अडकलेल्या मुलावर प्राथमिक उपचार करून त्याला पुढे पाठवील. तोच भूलतज्ज्ञ अडलेल्या बाळंतिणीच्या सिझेरियनला उभा राहील. यांतला एकेक विकार दुर्मिळ असेल. पण श्वास अडलेले मूल दुर्मिळ नाही. दुर्मिळता हा आपण केलेल्या वर्गीकरणाचा परिणाम आहे. आजारांची यादी जितकी बारीक करावी तितकी प्रत्येक ओळ दुर्मिळ होत जाते, आणि अखेर सर्व ओळी वगळण्यास योग्य ठरतात.

दुसरा मुद्दा बाजारपेठेचा. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधील प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की वैद्यकीय सेवेचा व्यवहार अनिश्चिततेने आणि ज्ञानाच्या विषमतेने इतका व्यापलेला आहे की तेथे सामान्य बाजाराचे नियम लागू पडत नाहीत. दुर्मिळ आजार हे त्याचे टोकाचे उदाहरण. ग्राहकाला काय हवे ते ठाऊक नसते, कारण आईला फक्त आवाज ऐकू येतो. विक्रेत्याला मागणी दिसत नाही, कारण जिल्ह्यात वर्षाला एकच बाळ. मग अर्भकांच्या घशाचा तज्ज्ञ मुंबई-पुण्याच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत एकवटला तर त्यात नवल नाही. तो तेथे जातो कारण रोगी तेथे येऊ शकतात, आणि येऊ शकणारे रोगी कोण असतात हे वाचकांना सांगायला नको. ज्यूलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधील खाणकामगारांच्या डॉक्टरने १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेला नियम हाच आहे: चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि बाजाराच्या शक्तींना जितका वाव अधिक तितका हा नियम अधिक कठोरपणे चालतो.

येथे कोणी म्हणेल की शासनाने बाजाराची जागा घेतली तरी साधने मर्यादितच राहतात, मग अग्रक्रम नको का? अग्रक्रम हवाच. प्रश्न तो कशाने ठरवायचा हा आहे. जागतिक बँकेच्या १९९३ सालच्या विकास अहवालाने आजारपणाने व अकालमृत्यूने वाया जाणाऱ्या आयुष्याची वर्षे मोजण्याचे माप प्रचारात आणले आणि त्या मापाने स्वस्त ठरणाऱ्या उपचारांचा ‘आवश्यक संच’ गरीब देशांना सुचवला. या मापाबद्दल माझे अनेक आक्षेप आहेत. परंतु ते मान्य केले तरी या बाळाचा दावा कमजोर ठरत नाही. एका शस्त्रक्रियेने सत्तर वर्षांचे निरोगी आयुष्य मिळत असेल तर असे फलदायी उपचार वैद्यकात फार नाहीत. माप विरुद्ध जाते ते यंत्रणेचा सगळा भार एकाच आजाराच्या खात्यावर लिहिल्यामुळे. हिशेबाची ही पद्धत निवडलेली असते, आणि ती कोणाच्या सोयीची आहे हे विचारणे आपले काम आहे.

याच पद्धतीने आपली कल्याणकारी धोरणे याद्यांची धोरणे बनली आहेत. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथे झाला. कार्यक्रम चांगला आहे. दुभंगलेले ओठ, वाकडी पावले, जन्मजात मोतीबिंदू, हृदयदोष अशा मुलांना त्याने उपचारापर्यंत नेले आहे. पण जन्मजात दोषांची त्याची यादी नऊ नावांची आहे आणि तीत घसा नाही. श्वासाचा आवाज करणारे बाळ तपासणाऱ्या पथकाने खूण कोणत्या चौकटीत करायची? दुर्मिळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण २०२१ साली आले. त्याचा भर प्रामुख्याने आनुवंशिक व चयापचयाच्या विकारांवर, त्यांच्या महागड्या औषधांवर आणि निवडक मोठ्या केंद्रांवर आहे. तेही आवश्यकच आहे. परंतु साध्या उपचाराने बरा होणारा दुर्मिळ आजार दोन्ही धोरणांच्या मधल्या फटीत पडतो: एका यादीसाठी तो फार विरळ, दुसऱ्या यादीसाठी फार सामान्य. विमा योजना तर निदान होऊन बाळ योग्य रुग्णालयाच्या दारात पोचल्यावर सुरू होतात. तेथपर्यंतच्या रस्त्याचा विमा कोणी उतरवलेला नाही, आणि ही बाळे रस्त्यातच जातात.

या रस्त्याचा पहिला टप्पा आपल्याकडे आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेतील सहकाऱ्यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी करण्यास शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्या अनुभवाच्या पायावर देशभर गृहभेटींचा कार्यक्रम उभा राहिला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. ती बाळाचे श्वास मोजते. मिनिटाला साठ किंवा अधिक भरले, छाती आत ओढली जात असली, बाळ पीत नसले, तर तो धोका आहे हे तिला ठाऊक असते. घशातील गाठ तिला ओळखता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. श्वास अडलेला आहे आणि वजन वाढत नाही, एवढे तिने ओळखले की तिचे काम झाले. या सर्व भेटींसाठी कार्यक्रम आखताना तिला देऊ केलेली रक्कम मिळून २५० रुपये होती, आणि ती आजही कर्मचारी न मानता स्वयंसेविकाच मानली जाते. राज्य सर्वांत नाजूक निरीक्षणाचे काम सर्वांत कमी मोबदल्यावर करून घेते, ही वस्तुस्थिती आशांच्या मोर्चात सामील होताना आपण ध्यानात ठेवावी.

या टप्प्यालाही भोके आहेत. बीडची ऊसतोड कामगार स्त्री दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जाते आणि तेथेच बाळंत होते. तिच्या गावची आशा गावात राहते, कोपीवर कोणाची नेमणूक नसते. सहा भेटींचे वेळापत्रक कागदावर पूर्ण असले तरी या बाळाचा श्वास मोजायला कोणी येत नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या, धाप लागलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा अद्याप पूर्ण गेलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे २२ दिवसांच्या अर्भकाच्या पोटावर ६५ चटके दिल्याचे उघडकीस आले. अशा वेळी अंधश्रद्धेचा धिक्कार करणे आपल्याला सोपे जाते, आणि धिक्कार केलाच पाहिजे. परंतु त्यापुढचा प्रश्न आपण सहसा विचारत नाही: त्या रात्री त्या आईला विश्वास ठेवण्याजोगे दुसरे काय उपलब्ध होते? रिकाम्या जागेत प्रथा टिकून राहतात.

रस्त्याचा दुसरा टप्पा तालुका आणि जिल्हा. येथे यंत्रणा खरोखर विरळ होते. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ, वैद्यकीय तज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांची जेवढी गरज होती त्याच्या सुमारे ८० टक्के तूट होती. म्हणजे पाच खुर्च्यांतील चार रिकाम्या. भोर समितीने १९४६ साली प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत एकमेकांना जोडलेली साखळी कल्पिली होती. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये हे तिचे तत्त्व होते. आपण इमारती बांधल्या, कड्या जोडल्या नाहीत. यंत्रे घेऊन सेवा उभी राहत नाही याची भीषण खूण भंडाऱ्यात मिळाली. ९ जानेवारी २०२१ रोजी तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे मृत्यू पावली. ज्या कक्षात अशक्त बाळाला जगवण्यासाठी आणले जाते तेथे त्याच्या सुरक्षिततेची साधी व्यवस्था नव्हती.

आता कोणी म्हणेल की हा प्रश्न न्यायाचा नाही, सुबत्तेचा आहे. राज्य श्रीमंत होईल तेव्हा हे सारे होईल. सर्वोच्च न्यायालयाने या युक्तिवादाला १९९६ सालीच उत्तर दिले आहे. रेल्वेगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराला १९९२ साली एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले. शेतमजुरांच्या संघटनेने तो प्रश्न न्यायालयात नेला. न्यायालयाने सांगितले की तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि हे कर्तव्य राज्याला पैशाच्या अडचणीचे कारण सांगून टाळता येणार नाही. खाटांची माहिती एका ठिकाणी मिळावी, रुग्णवाहिका सुसज्ज असाव्यात, अशा सूचनाही त्या निकालात आहेत. श्वास अडलेल्या अर्भकाची निकड त्या मजुराच्या निकडीहून कमी नाही. फरक इतकाच की त्याची संघटना नाही.

आणखी एक गोष्ट आकडेवारीतून दिसते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० सालच्या अहवालानुसार हजार जिवंत जन्मांमागे बालमृत्यू देशात २८, महाराष्ट्रात १६ आणि केरळात ६ होते. जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, अतिसार यांवर जसजसा विजय मिळतो तसतसे उरलेल्या मृत्यूंत जन्मजात दोषांचे प्रमाण वाढत जाते. म्हणजे सोपे मृत्यू आपण टाळले, आता अवघड मृत्यू शिल्लक राहतात, आणि हे अवघड मृत्यू एकेका दुर्मिळ आजाराच्या रूपात विखुरलेले असतात. सोळावरून सहाकडे जायचे असेल तर ‘दुर्मिळ’ हा शब्द सबब म्हणून वापरता येणार नाही.

मग मागणी कोणती करायची? प्रत्येक तालुक्यात ही शस्त्रक्रिया व्हावी अशी मागणी मी करणार नाही. ती चुकीची ठरेल. ज्या हातांना वर्षातून एकदाही असे बाळ मिळत नाही त्या हातांत ते देणे धोक्याचे आहे. कौशल्य एकवटले पाहिजे आणि ओळख सर्वत्र पसरली पाहिजे. दुर्मिळ आजाराच्या नियोजनाचे हेच सूत्र आहे आणि नियोजनाशिवाय ते साधत नाही, कारण गडचिरोलीचे बाळ आणि नागपूरचा तज्ज्ञ यांना जोडण्यात कोणत्याही खासगी विक्रेत्याला नफा नाही. या सूत्रातून पाच गोष्टी निघतात.

पहिली, श्वासाचा आवाज टिकून राहणाऱ्या आणि दूध नीट न पिणाऱ्या किंवा वजन न वाढणाऱ्या प्रत्येक बाळाचा घसा दुर्बिणीतून पाहिला गेलाच पाहिजे असा नियम व्हावा. ‘मोठे झाले की जाईल’ हे उत्तर पाहिल्यानंतरचे असावे, पाहण्याऐवजीचे नसावे. दुसरी, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अर्भकांसाठीची लवचिक दुर्बीण आणि ती वापरणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञाचे व भूलतज्ज्ञाचे भरलेले पद असावे. एखाद्या मंत्र्याच्या ताफ्यातील एका मोटारीच्या किमतीत ती दुर्बीण बसते. अवघड आहे ते पद भरणे आणि भरलेले ठेवणे. तिसरी, प्रत्येक विभागासाठी एक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा शस्त्रक्रियांचे केंद्र म्हणून जाहीर व्हावे आणि जिल्ह्याच्या डॉक्टरला रात्रीही तेथील तज्ज्ञाशी बोलता यावे. चौथी, बाळाला तेथपर्यंत नेणाऱ्या गाडीत प्राणवायूबरोबर अर्भकाचा श्वास सांभाळू शकणारा माणूस असावा, आणि आईच्या राहण्याजेवणाची व बुडालेल्या मजुरीची भरपाई उपचाराचाच भाग मानली जावी. मजुरी बुडते म्हणून तिसऱ्या दिवशी बाळाला घेऊन परतणाऱ्या आईला बेजबाबदार म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पाचवी, प्रत्येक नवजात मृत्यूची चौकशी आजाराच्या नावापाशी न थांबता रस्त्याची व्हावी: बाळ प्रथम कोठे दाखवले, कोणी काय सांगितले, कोठे किती तास गेले.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही, हे मला कळते. परंतु आपल्या आंदोलनांच्या सवयीकडेही पाहिले पाहिजे. दवाखान्याची इमारत मागायला आपण मोर्चा काढतो, तिचे उद्घाटन होते, फोटो छापून येतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्या इमारतीतील भूलतज्ज्ञाची जागा तीन वर्षे रिकामी आहे, यासाठी धरणे धरल्याचे क्वचितच ऐकू येते. खाटा दिसतात, साखळी दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी घोषणा सुचत नाहीत. रुग्ण कल्याण समितीत, ग्रामसभेत, जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत आपले लोक बसतात. तेथे त्यांनी दर तिमाहीस दोनच प्रश्न विचारावेत: या तीन महिन्यांत तालुक्यात किती नवजात बाळे गेली आणि ती कोणकोणत्या दारांवरून परतली? जिल्ह्यातील कोणती तज्ज्ञपदे रिकामी आहेत आणि कधीपासून?

समाजवादाची व्याख्या करताना आपण उत्पादनसाधनांच्या मालकीपासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. पण संकट कोणावर कोसळेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते, म्हणून त्याचा भार सर्वांनी आधीच वाटून घ्यायचा, हाही त्याच विचाराचा गाभा आहे. नेहमीच्या संकटांपुरते हे तत्त्व पाळणे कोणत्याही शहाण्या सरकारला परवडते, कारण तेथे मते असतात. जिल्ह्यात वर्षाला एक बाळ, त्यात मते नाहीत. त्या बाळाचे आईबाप दुसऱ्या वर्षी एकत्र येऊन संघटनाही करणार नाहीत, कारण ते एकमेकांना ओळखतच नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने बोलण्याचे काम कोणत्या ना कोणत्या पक्षाला करावे लागेल. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी आपल्या जिल्हा शाखांनी रिकाम्या तज्ज्ञपदांची यादी तयार करून ती जाहीरपणे मांडावी, एवढ्यापासून आरंभ करता येईल.